रक्तातला वायू मेंदूला कळतो कसा, आणि नुसतं सॅच्युरेशन का पुरत नाही

प्रश्न तीन आहेत. श्वास रोखला की जीव कासावीस होतो, तो ऑक्सिजन संपत आल्यामुळे की कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे? शरीरात हे मोजतं कोण? आणि सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन फुप्फुसं झिजण्याच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला ऑक्सिजन बेतानं द्या असं सांगतात, पण बोटावरचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, ९६ टक्के सॅच्युरेशन (ऑक्सिजननं भरलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) दाखवत असेल तर काळजी कशाची?

तिन्हींचं उत्तर एकाच जागी सुरू होतं. निरोगी माणसाचा श्वास क्षणोक्षणी चालवतो तो कार्बन डायऑक्साइड. नेमकं बोलायचं तर त्याच्यामुळे बदलणारी आम्लता. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी मुख्य यंत्रणा वेगळी आहे. ती मेंदूत नाही, मानेत आहे, आणि ऑक्सिजन बराच खाली आल्याशिवाय ती जोर धरत नाही. पल्स ऑक्सिमीटर दाखवतो ती गोष्ट आणि मेंदू एरवी पाहतो ती गोष्ट, या दोन वेगळ्या. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

आधी आकडे. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिमी पारा असतो, ऑक्सिजनचा साधारण ८० ते १००, आणि पीएच ७.३५ ते ७.४५ (आम्लता वाढली की पीएच उतरतो). स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १५ श्वास घेतो, एका श्वासात सुमारे ५०० मिली. त्यातले १५० मिली श्वासनलिकांतच अडकून परत बाहेर पडतात; फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचते ती उरलेली हवा. मिनिटाला एकूण आत येणारी हवा ६ ते साडेसात लिटर. आता कार्बन डायऑक्साइड १ मिमीनं वाढला की हा आकडा साधारण २ ते ३ लिटरनं वाढतो. म्हणजे ४० चे ४३ झाले की श्वसन जवळजवळ दुप्पट. उलट ऑक्सिजन १०० वरून ७० वर आणला आणि कार्बन डायऑक्साइड जागच्या जागी ठेवला, तर श्वसनात फारसा फरक दिसत नाही. ६० च्या खाली गेल्यावर मात्र आलेख एकदम चढतो. हा ६० चा आकडा उगाच नाही: हिमोग्लोबिनचं सॅच्युरेशन ६० मिमीला सुमारे ९० टक्के असतं आणि तिथून खाली ते कोसळतं. तोवर ऑक्सिजनची वाहतूक बरी चाललेली असते, त्यामुळे शरीरालाही घाई नसते. श्वासाची सूत्रं कार्बन डायऑक्साइडच्या हाती आहेत हे जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ सालीच दाखवलं होतं.

मोजणी दोन ठिकाणी होते. पहिलं ठिकाण मेंदूच्या देठात, त्याच्या तळाकडच्या मेड्युला या भागाच्या पुढच्या बाजूला, पृष्ठभागाला अगदी लागून. तिथल्या रेट्रोट्रॅपेझॉइड न्यूक्लियस नावाच्या पुंजक्यातल्या पेशी आम्लता वाढली की जोरात संदेश पाठवू लागतात. पुंजका छोटा, पण काम मोठं. या पेशींवर आम्लता ओळखणारी दोन प्रथिनं आहेत: जीपीआर४ नावाचा रिसेप्टर आणि टास्क-२ नावाची पोटॅशियम वाहिनी. दोन्ही जनुकं काढून टाकलेल्या उंदरांमध्ये कार्बन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद जवळजवळ नाहीसा होतो. शेजारच्या अॅस्ट्रोसाइट पेशीही आम्लता ओळखून एटीपी हे संदेश देणारं रसायन सोडतात आणि हाकेला जोर देतात. मध्यरेषेवरच्या राफे भागातल्या सेरोटोनिन पेशींचाही वाटा असतो, विशेषतः झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर जाग आणण्यात.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढचं अर्धं शरीरक्रियाशास्त्र त्यावर उभं आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर हायड्रोजन आयनांना (आम्लता म्हणजे हेच) आणि आम्लता झेलणाऱ्या बायकार्बोनेटला सहजी आत सोडत नाही. कार्बन डायऑक्साइडला मात्र तो अडवतच नाही. तो वायू आत शिरतो, मेंदूभोवतीच्या द्रवातल्या पाण्याशी कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकराच्या मदतीनं संयोग पावतो आणि तिथल्या तिथे हायड्रोजन आयन तयार होतात. रक्तात हे आयन झेलायला हिमोग्लोबिन आणि भरपूर प्रथिनं असतात. मेंदूद्रवात प्रथिनं जवळजवळ नाहीतच: रक्तद्रवात डेसिलिटरला ६ ते ८ ग्रॅम, तर इथे १५ ते ४५ मिलिग्रॅम. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या त्याच वाढीनं इथला पीएच जास्त हलतो. म्हणून हे केंद्र इतकं हळवं, आणि कार्बन डायऑक्साइडच्या प्रतिसादातला सुमारे ७० ते ८० टक्के वाटा त्याचाच. पण ते संथ आहे. वायू आत झिरपून पीएच बदलून पूर्ण प्रतिसाद यायला काही मिनिटं जातात. शिवाय पीएच बराच काळ ढळलेला राहिला तर काही तासांत ते काही दिवसांत द्रवातलं बायकार्बोनेट बदलतं, पीएच पुन्हा जागेवर येतो आणि केंद्र शांत होतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असला तरी. सीओपीडीचं गणित इथून सुरू होतं.

दुसरं ठिकाण मानेत. सामान्य कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते, त्या बेचक्यात दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते. तिची रचना पाहून ती रक्ताची ‘चव’ घेत असावी असा तर्क स्पेनच्या फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२० च्या दशकात मांडला. प्रयोगानं ते सिद्ध करणाऱ्या बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. महाधमनीच्या कमानीवरही अशाच छोट्या गाठी असतात, त्यांचे संदेश व्हेगस नसेतून जातात, पण माणसात श्वसनासाठी त्यांचं वजन कमी.

कॅरोटिड बॉडीला वजनाच्या मानानं शरीरातल्या कुठल्याही अवयवापेक्षा जास्त रक्त मिळतं. त्यामुळे ती रक्तातून घेते तो ऑक्सिजन अगदी किरकोळ असतो आणि तिच्यापर्यंत पोचणारा दाब म्हणजे जवळजवळ धमनीतलाच दाब. तिच्यातल्या ग्लोमस पेशी खरे मापक. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांना इतर पेशींच्या कितीतरी आधी ऑक्सिजन अपुरा पडू लागतो. तसं झालं की पेशीच्या पडद्यावरच्या पोटॅशियम वाहिन्या मिटतात. पोटॅशियम बाहेर जाणं थांबल्यानं पेशीचा विद्युतभार चढतो. कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. कॅल्शियम आत आलं की एटीपी आणि अॅसिटिलकोलीन बाहेर पडतं आणि शेजारच्या मज्जातंतूच्या टोकाला पेटवतं. तो तंतू नवव्या कपालनसेचा, म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल नसेचा. सगळा प्रकार एक-दोन सेकंदांत. वाढलेला कार्बन डायऑक्साइड आणि रक्तातली आम्लताही याच पेशींना याच वाटेनं चेतवतात, आणि दोन कारणं एकत्र आली तर परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. म्हणूनच गुदमरण्यात, म्हणजे ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो अशा वेळी, धाप इतकी भयंकर लागते.

ही गाठ ऑक्सिजनचा दाब मोजते, रक्तातला एकूण साठा नाही. हे नीट लक्षात ठेवावं. हिमोग्लोबिन ५ वर आलेल्या रुग्णाचा साठा एक-तृतीयांश उरलेला असतो, पण फुप्फुसं ठीक असतील तर दाब १०० चाच, आणि स्वस्थ पडून असताना कॅरोटिड बॉडी गप्प. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही तेच: हिमोग्लोबिन अडवलं गेलेलं, दाब शाबूत, धाप नाही. त्यात भर म्हणजे साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडनं बांधलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनवालं समजून बसतो. शरीराचा मापक आणि बोटावरचा मापक एकाच वेळी फसतात. बंद खोलीत कोळसा किंवा जनरेटर चालू होता एवढी माहिती अशा वेळी कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची.

मानेतून आलेला संदेश मेड्युलातल्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसमध्ये उतरतो आणि तिथून श्वासाची लय देणाऱ्या पेशींकडे जातो. ती लय तयार होते प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्समध्ये. मेड्युलाच्या पातळ चकतीत हा भाग शाबूत ठेवला तर ती चकती शरीराबाहेरही लय देत राहते, हे १९९१ साली दिसून आलं. वरच्या पॉन्समधली केंद्रं श्वास कुठे तोडायचा ते ठरवायला मदत करतात. फुप्फुस ताणलं गेल्याची खबर व्हेगस नस आणते, पण मोठ्या माणसात एका श्वासाला सुमारे १ लिटरच्या वर गेल्याशिवाय तिचा विशेष प्रभाव नसतो. अखेरचा हुकूम मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जाखंडातून फ्रेनिक नसेनं डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूला पोचतो. मानेची इजा याच्या वर झाली तर व्हेंटिलेटरशिवाय श्वास नाही.

आपण ठरवून घेतो त्या श्वासाची वाट वेगळी आहे. ती मेंदूच्या बाह्यकातून थेट मज्जारज्जूकडे उतरते. म्हणून मेड्युलातलं रासायनिक नियंत्रण बिघडलेला माणूस जागेपणी बोलतो, चालतो, सांगितलं की खोल श्वासही घेतो, आणि झोप लागली की श्वास मंदावतो. फॉक्स-२बी या जनुकातल्या दोषानं होणाऱ्या जन्मजात केंद्रीय हायपोव्हेंटिलेशनमध्ये हेच घडतं. रेट्रोट्रॅपेझॉइड पेशी घडायला हेच जनुक लागतं. अशा मुलांना झोपेत आयुष्यभर व्हेंटिलेटरचा किंवा डायफ्राम पेसिंगचा (त्या स्नायूला विजेनं चालना देण्याचा) आधार लागतो. या मुलांना गुदमरल्याची जाणीवच होत नाही, म्हणून पाण्यात खेळणं आणि श्वास रोखण्याच्या पैजा त्यांना सक्त मना.

आता श्वास रोखण्याकडे. छाती भरून श्वास रोखला की वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड आधी झपाट्यानं शिरेतल्या रक्ताच्या पातळीला, म्हणजे ४६ च्या आसपास येतो; पुढे मिनिटाला ३ ते ४ मिमीनं चढत राहतो. साधा माणूस हार मानतो तेव्हा तो ५० च्या घरात असतो आणि ऑक्सिजन बहुधा अजून ६० च्या आसपास किंवा वर. जाणीव हरपायला तो ३० च्या जवळ यावा लागतो. म्हणजे कासाविशी येते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि ती भरपूर आधी येते. मुख्यतः म्हटलं, कारण छातीच्या आणि डायफ्रामच्या स्नायूंकडून येणारी खबरही त्यात असते. १९५४ चा एक सुंदर प्रयोग आहे: श्वास तोडायच्या क्षणी लोकांना ८ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आणि ७ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा काही श्वास घ्यायला दिली. रक्तातले वायू सुधारण्याचा प्रश्नच नव्हता, तरी बरं वाटलं आणि पुन्हा श्वास रोखता आला. नुसत्या छातीच्या हालचालीनं कासाविशी उतरते.

पोहण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन दम वाढवण्याची युक्ती का जीव घेते ते आता उघड आहे. भराभर श्वासानं कार्बन डायऑक्साइड ४० वरून २०-२५ वर येतो. ऑक्सिजनचा साठा मात्र जेमतेम वाढतो, कारण हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. धोक्याची घंटा पुढे ढकलली, इंधन तेवढंच. पाण्याखाली कार्बन डायऑक्साइड ५० वर पोचायच्या आत ऑक्सिजन ३० वर उतरतो आणि कुठलीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध जाते. खोल पाण्यातून वर येताना आणखी वाईट: १० मीटरवर बाहेरचा दाब दुप्पट असतो, त्यामुळे तिथे ६० असलेला ऑक्सिजनचा दाब वर येता येता अर्धा होतो, आणि पोहणारा पृष्ठभागाशी पोचता पोचता बेशुद्ध पडतो. चक्कर, ओठाभोवती मुंग्या येईतो श्वास घेणं ही तयारी नव्हे, हा कार्बन डायऑक्साइड घसरल्याचा पुरावा आहे. दमाचा सराव करणाऱ्यानं एकट्यानं पाण्यात उतरू नये, आणि बुडी मारण्याआधी नेहमीच्या लयीतलेच श्वास घ्यावेत.

नायट्रोजननं भरलेल्या टाकीत उतरणाऱ्याचं मरणही याच जातीचं. तो श्वास घेत असतो, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर जात असतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही. ऑक्सिजन जवळजवळ शून्य असेल तर काही श्वासांतच माणूस कोसळतो. मदतीला उतरणारा दुसराही तसाच. ‘गुदमरलं तर लगेच बाहेर येईन’ हा हिशेब इथे चालत नाही, आत जाण्याआधी ऑक्सिजन मोजावाच लागतो. अमेरिकेतले कामगार-सुरक्षा नियम १९.५ टक्क्यांखालची हवा ऑक्सिजन-अपुरी धरतात.

उंचावर दोन्ही मापक एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. ऑक्सिजन कमी म्हणून कॅरोटिड बॉडी श्वास वाढवते. त्यानं कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूद्रव अल्कधर्मी होतो आणि मेड्युला लगाम खेचते. पहिल्या रात्री झोपेत श्वास वाढत जातो, ओसरतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो, तो या ओढाताणीमुळे. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बायकार्बोनेट टाकतात, मेंदूद्रवातलंही उतरतं, लगाम सैल होतो. शिवाय कॅरोटिड बॉडी स्वतःच जास्त हळवी होते. अॅसिटाझोलामाइडची १२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात ती बायकार्बोनेट लवकर टाकून हेच काम घाईनं व्हावं म्हणून. ही यंत्रणा किती ताणली जाऊ शकते याचा नमुना २००७ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेतला: ८,४०० मीटरवर चार गिर्यारोहकांच्या मांडीतल्या धमनीतून घेतलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिमी होता आणि कार्बन डायऑक्साइडचा १३.३. जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड इतका खाली नेला, म्हणूनच ऑक्सिजनला तेवढी तरी जागा मिळाली.

हृदय कमजोर असलेल्यांत समुद्रसपाटीलाही झोपेत असाच चढउतार होतो, चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात ते. फुप्फुसातलं रक्त मानेच्या मापकापर्यंत पोचायला एरवी १० सेकंदांच्या आत-बाहेर लागतात. हृदय मंद ढकलत असेल तर खबर शिळी पोचते. मेंदू जुन्या आकड्यावर जोर लावतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, श्वास थांबतो. तो थांबल्याची खबरही उशिरा. पूर्ण फेरा साधारण ४५ ते ९० सेकंदांचा. असा रुग्ण दिसला की आधी हृदयाकडे पाहावं.

सीओपीडीचं प्रकरण जरा उकलून सांगायला हवं, कारण त्याचं पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण अर्धवट आहे. आम्लतेचा हिशेब सोपा: लिटरमधले हायड्रोजन आयन, नॅनोमोलमध्ये, म्हणजे २४ गुणिले कार्बन डायऑक्साइडचा दाब, भागिले बायकार्बोनेट. निरोगी माणसात २४ × ४० ÷ २४, म्हणजे ४०. हा पीएच ७.४. फुप्फुसं झिजलेल्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं ६० असेल तर मूत्रपिंडं बायकार्बोनेट ३३ पर्यंत वाढवतात: २४ × ६० ÷ ३३, सुमारे ४४, पीएच ७.३६. म्हणजे जवळजवळ सुरळीत. मेंदूद्रवातही बायकार्बोनेट वाढलेलं, त्यामुळे मेड्युलाला ६० हा आकडा नेहमीचाच वाटतो.

यावरून असं शिकवलं गेलं की हे रुग्ण फक्त ऑक्सिजनच्या कमतरतेवर श्वास घेतात, ऑक्सिजन दिला की श्वास थांबतो. हा भाग खरा, पण छोटा. १९८० साली अशा गंभीर रुग्णांना १०० टक्के ऑक्सिजन देऊन मोजमाप केलं गेलं. मिनिटाचं श्वसन सुरुवातीला उतरलं, पण १५ मिनिटांत मूळच्या ९३ टक्क्यांवर परत आलं. कार्बन डायऑक्साइड मात्र सरासरी २३ मिमीनं वाढला. एवढी वाढ ७ टक्के घटीनं होत नाही. मोठं कारण फुप्फुसात असतं. जिथे हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवत असतात. भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्या सैलावतात आणि रक्त पुन्हा हवा न खेळणाऱ्या भागात जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. दुसरं कारण, ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन आपल्याकडचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. निरोगी माणूस जास्त श्वास घेऊन तो फेकून देईल. हा रुग्ण आधीच जमेल तेवढं ओढत असतो.

व्यवहारात: लक्ष्य सॅच्युरेशन ८८ ते ९२. २४ किंवा २८ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क असेल तर उत्तम, कारण रुग्ण कसाही श्वास घेवो, मिश्रण बदलत नाही. अर्ध्या ते एक तासात एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर औषधांबरोबर मास्कचा व्हेंटिलेटर लावायचा विचार करावा. नेब्युलायझर शक्यतो साध्या हवेवर चालवावा. वॉर्डात तो सर्रास ऑक्सिजनच्या नळीला जोडला जातो आणि तोवर जपलेलं सगळं वाया जातं. कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला म्हणून ऑक्सिजन एकदम काढून टाकणं ही दुसरी, अधिक जीवघेणी चूक. का, ते पुढच्या समीकरणात दिसेल. आणि सॅच्युरेशन ८५ च्या खाली असलेल्या रुग्णाला ‘सीओपीडी आहे’ म्हणून ऑक्सिजन न देणं याला काहीच समर्थन नाही. ऑक्सिजनवाचून माणूस मिनिटांत जातो, कार्बन डायऑक्साइडनं तासांत.

वायुकोशातला ऑक्सिजन असा काढतात: हवेच्या दाबातून बाष्पाचे ४७ वजा करा, ऑक्सिजनच्या प्रमाणानं गुणा, आणि कार्बन डायऑक्साइडला ०.८ नं भागून येणारा आकडा वजा करा. समुद्रसपाटीला साध्या हवेवर ७६० वजा ४७, म्हणजे ७१३. त्याचे २१ टक्के १५०. त्यातून ४० भागिले ०.८, म्हणजे ५० गेले, उरले १००. आता कार्बन डायऑक्साइड ८० झाला: १५० वजा १००, उरले ५०. साध्या हवेवर ऑक्सिमीटर लगेच बोंब मारेल. पण त्याच माणसाला ३० टक्के ऑक्सिजन द्या: ७१३ चे ३० टक्के २१४, वजा १००, उरले ११४. फुप्फुसं चांगली असतील तर सॅच्युरेशन ९७. कार्बन डायऑक्साइड दुप्पट, माणूस गुंगीत, आणि यंत्र निश्चिंत. ऑक्सिजन एकदम काढण्याचा धोकाही याच दोन ओळींत आहे: ११४ चे थेट ५०, कारण साठलेला कार्बन डायऑक्साइड काही क्षणात जात नाही.

ऑपरेशननंतर मॉर्फिन किंवा फेंटानिल दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे रोज लागू पडतं. ही औषधं प्री-बॉट्झिंगरमधल्या म्यू रिसेप्टरांवर (अफूजन्य औषधं जिथे चिकटतात त्या प्रथिनांवर) बसून लय मंद करतात आणि कार्बन डायऑक्साइडची हाक बोथट करतात. नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर सॅच्युरेशन शेवटपर्यंत साथ देतं आणि मग एकदम साथ सोडतं. आधी वाढते ती गुंगी, म्हणून नर्सिंगच्या तक्त्यात गुंगीची नोंद श्वासाइतकीच महत्त्वाची. श्वास मोजायचा तो पूर्ण ६० सेकंद, रुग्णाला न सांगता, छातीकडे पाहून. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं की मंद, अनियमित श्वास हमखास चुकीचा नोंदला जातो. मिनिटाला ८ किंवा कमी, बाहुल्या टाचणीएवढ्या, हाक मारून धड जाग नाही, अशा वेळी आधी हवा द्यावी, मग नॅलॉक्सोन हा उतारा थोडा थोडा, ०.०४ ते ०.१ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी. त्याचा असर ३० ते ९० मिनिटंच टिकतो. मॉर्फिन त्याहून जास्त टिकतं. शुद्धीवर आला म्हणून देखरेख काढली की तासाभरात तोच प्रसंग पुन्हा.

उलट टोकाचा रुग्ण मधुमेही किटोअॅसिडोसिसचा, म्हणजे मधुमेहात कीटोन साठून रक्त आम्ल झालेला. इथे आम्ल रक्तात आहे, मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून सुरुवातीची हाक मानेतल्या गाठीचीच. श्वास खोल आणि वेगवान, सॅच्युरेशन ९९, आणि एखादा नवखा ‘घाबरलाय’ म्हणून झोपेचं इंजेक्शन लिहितो. अपेक्षित कार्बन डायऑक्साइड काढायला बायकार्बोनेटला दीडनं गुणून ८ मिळवा, दोन इकडे-तिकडे. बायकार्बोनेट ८ असेल तर २० च्या आसपास. तो ३० निघाला तर रुग्ण थकत चाललाय. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावीच लागली तर व्हेंटिलेटरवर नेहमीचे १४ श्वास ठेवू नयेत. त्याची छाती मिनिटाला २५-३० लिटर हवा हलवत होती. ती ७ वर आणली तर कार्बन डायऑक्साइड ४० कडे धावतो आणि आधीच ७.१ असलेला पीएच काही मिनिटांत ६.८ च्या दिशेनं जातो.

घरी ऑक्सिजनवर असलेल्या सीओपीडीच्या माणसाकडे कुटुंबीयांनी काय पाहावं? सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा डुलक्या, बोलण्यात विसंगती, हात पुढे करायला सांगितले की पंजे फडफडणं, तळवे उबदार आणि नाडी ठणठणीत. यंत्र ९६ दाखवत असताना यातलं काही दिसलं तर ९६ हीच तक्रार आहे. लिटर मनानं वाढवू नयेत, मनानं बंदही करू नयेत, रुग्णालय गाठावं. तिथे धमनीत सुई घालणं जड वाटत असेल तर शिरेतल्या रक्तानं सुरुवात करता येते: शिरेतला कार्बन डायऑक्साइड ४५ किंवा कमी आला तर धमनीत तो साठलेला नाही असं धरायला हरकत नाही, त्यापेक्षा जास्त आला तर एबीजी करावीच.